येताना पाणी आणावे

एफच्या बटणाच्या पोटात धूळ अजून होतीच. कीबोर्डची बाकीची सगळी बटणं मालनबाईनं एकेक करून उपटून, ओल्या फडक्यानं पुसून स्टीलच्या ताटात वाळत घातली होती, पण हे एक एफ काही केल्या उजळेना—नखानं खरवडलं, काडेपेटीतल्या काडीनं उकरलं, शेवटी तोंडाशी नेऊन वाफ दिली... आणि मग तिचं तिलाच हसू आलं, की सगळ्यांत जास्त मळणार तर हेच ना, सकाळ-संध्याकाळ दुधाचं फॅट भरायचं असलं की हेच तर दाबायचं, आणि दाबणारं बोटही हेच. तिनं बोट उन्हात धरून पाहिलं. बोट चांगलं जाडजूड झालं होतं, बटण मात्र होतं तेवढंच राहिलं होतं.

वाटीभर पाण्यात सगळा कीबोर्ड निघाला, ही काही लहान गोष्ट नव्हती. दोन हजार तेराच्या त्या उन्हाळ्यात दिंद्रुडमध्ये वाटीभर पाणी म्हणजे काय, ते टँकरमागे पळणाऱ्या बायांना विचारावं. काळं झालेलं पाणी तिनं सदाफुलीच्या बुडाशी ओतलं, सदाफुलीनं ते असं घटकन ओढून घेतलं की तिला झाडाचीच दया आली, आणि तेवढ्यात तो प्रश्न पुन्हा आला, सकाळपासून कितव्यांदा कोण जाणे—उद्या कुणी आलंच नाही तर?

नाही आलं तर नाही आलं! काय होणार आहे? सोसायटीच्या हॉलमध्ये लाल प्लास्टिकच्या खुर्च्या रांगेनं मांडलेल्या, पुढे टेबलावर हिरव्या अक्षरांचं ते जुनं यंत्र, यंत्राशेजारी ठेवणीतली साडी नेसून मालनबाई एकटीच उभी... आणि खिडकीच्या गजांना धरून अख्खं गाव बघतंय. चित्र इथपर्यंत आलं की ती पुन्हा एफ खरवडायला लागायची.

बोलावून तर बसले मी. कुणी सांगितलं होतं? मुलगी पुण्याहून आली होती तेव्हा तिनं फोनवर तो गट लावून दिला—जुन्या संगणकांच्या वेड्यांचा गट, नाशिकपासून नांदेडपर्यंतची माणसं, कुणी फ्लॉप्या जपून ठेवलेल्या, कुणी बंद पडलेले मॉनिटर भंगारवाल्याकडून सोडवून आणलेले, नातेवाइकांनी हात टेकलेले सगळे. तिथे मालनबाईनं भीत भीत लिहिलं, की नव्वद साली आमच्या दूध सोसायटीनं संगणक घेतला, फॅटप्रमाणे दुधाचा हिशेब करणारा प्रोग्राम मी स्वतः लिहिला, आणि तो अजून चालतो. तर त्या लोकांनी काय कौतुक केलं! कसा लिहिला, कुठे अडलं, रात्री स्वप्नात यायचा का... आणि यायचा की, खरंच यायचा! इतकी वर्षं आपण एक भाषा मनातल्या मनात बोलत होतो आणि आता कुणीतरी ओ देतंय, असं तिला झालं. हे लोक वर्षातून एकदा कुठल्यातरी शहरात जमायचे. यंदा कुठे, अशी चर्चा निघाली आणि ते जाडजूड बोट लिहून गेलं—दिंद्रुडला या, यंत्र हलवण्यासारखं नाही, तुम्हीच या.

बऱ्याच जणांनी येतो म्हणून कळवलं. नांदेडचे गहिनीनाथ तर आपला जुना प्रिंटर मांडीवर घेऊन एसटीनं येणार होते. त्याची कर्रकर्र ऐकल्याशिवाय मेळावा कसला, असं त्यांचं म्हणणं. मग आठवड्यापूर्वी तिनं सूचना टाकल्या, मुद्देसूद, या लोकांना आवडतात तशा. तेलगावला उतरावे, तिथून दिंद्रुडची गाडी मिळते. वीज जाते, स्टॅबिलायझर आहे. जेवण आमच्याकडे. येताना पिण्याचे पाणी आणावे.

तेव्हापासून गट गप्प. येत नाही असं कुणी लिहिलं नाही, पण येतो असंही पुन्हा कुणी लिहिलं नाही—गहिनीनाथांनीसुद्धा नाही, आणि ते तर सकाळी दात घासल्याचंही कळवणारे.

गावाची तऱ्हा आणखी निराळी. एसटी स्टँडवर तिनं कागद चिकटवला होता, जुन्या संगणकांचा मेळावा, सर्वांचे स्वागत. तर दुसऱ्या दिवशी एकजण जळालेला मिक्सर घेऊन दारात उभा, किलोला काय भाव देता म्हणून. त्याच्यामागे दुसरा आला तो सातबारा आणि आधार कार्डाची झेरॉक्स घेऊनच—दुष्काळी सालात सोसायटीच्या हॉलात मेळावा, म्हणजे अनुदानाशिवाय असतो का कुठं? तिनं समजावलं की मिळणार काही नाही, नुसतं बघायचं आहे, तेव्हा त्यानं तिच्याकडे इतक्या कणवेनं पाहिलं की तिलाच त्याला चहा द्यावा लागला. आणि नवरा, शहादेव, एसटीत कंडक्टर—तो तिकीट देता देता गाडीभर सांगत सुटलेला, काल तर एका म्हातारीला मेळाव्याच्या नादात तिचा फाटाच चुकवला. घरी येऊन वर सांगतो कसा, एक माणूस तर पक्का उतरवला की तुझ्यासाठी!

"काय काय लिवलंस गं त्या लोकायला?"

आत्या, म्हणजे मालनबाईच्या सासू जाईबाई, उंबऱ्यात पाय पसरून बसल्या होत्या. मालनबाईनं फोन उघडून सगळं वाचून दाखवलं, तेलगावपासून पाण्यापर्यंत. वाचताना स्वतःचाच मुद्देसूदपणा तिला आवडला. आत्यांनी पदरानं तोंड पुसलं, ताटातलं एक बटण उचलून उलटंसुलटं करून पाहिलं, परत ठेवलं.

"आमाला बी असंच सांगायचे," त्या म्हणाल्या. "छप्पन सालाच्या, दीक्षेच्या आदी. मोठ्याच्या घरी लगीन असलं की सांगावा यायचा. या जेवायला, पर भांडं-पानी आपलं आना."

आणि उठून आत गेल्या.

—हे काय बोलणं झालं? ताटावर फडकं बांधून हॉलकडे निघालेली मालनबाई रस्ताभर भांडत होती, अर्थात मनातच. ते वेगळं, आत्या, हे वेगळं. त्यांच्या विहिरी भरलेल्या होत्या आणि ते देत नव्हते. माझी घागरच रिकामी, मी कुठून देऊ? आणि शहरातली माणसं आपली बाटली आपण घेऊनच फिरतात, त्यांना त्यात काही वाटत नाही... वाटत नाही ना? मग गप्प का झाले? मी खरं तेच लिहिलं. कुठली वायर लागेल ते सांगतो, तसं पाणी लागेल ते सांगितलं. खरं सांगायला काय हरकत आहे. गोठे रिकामे होते, जनावरं सगळी चारा छावणीत, रस्त्यात एक शेळी तेवढी तिच्या मागे मागे आली आणि फडक्यात खायचं काही नाही असं कळल्यावर थांबली. मालनबाईला शेळीचाही राग आला.

हॉलमध्ये दुधाचे कॅन भिंतीशी पालथे घातलेले. महिनाभर दूधच नव्हतं, म्हणून तर हॉल मिळाला. तिनं बटणं बसवायला घेतली, क्यू डब्ल्यू ई... टक्, टक्, एकेक जागेवर बसताना बोटाच्या टोकाला जो धक्का बसायचा त्यानं भांडण आपोआप खाली बसत गेलं. यंत्र चालू केलं. आतून घरघर आली, पडद्यावर हिरवा ठिपका लुकलुकला आणि यंत्रानं नेहमीसारखी तारीख विचारली, कारण आतली बॅटरी कधीच मेलेली आणि त्याच्या लेखी प्रत्येक दिवस म्हणजे एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी. काय सुख आहे बघा! याला ना टँकर माहीत ना छावणी. ती हसली, आजची तारीख घातली, एफ दाबलं—आणि 'गाय की म्हैस?' असं तिनंच तेव्हा लिहिलेलं वाक्य उमटलं. हे बघायला एक तरी यावा. एक तरी, ज्याला कळेल.

दारात खोकला ऐकू आला. सोसायटीचे जुने चेअरमन मोहनराव, काठी टेकत. उंबऱ्याशी थांबून त्यांनी चपला काढल्या. हॉलात कुणी चपला काढत नाही, पण यंत्र नवं होतं तेव्हा त्याची एसीची खोली होती आणि चप्पल बाहेर हा मालनबाईचा कायदा होता. शिपाई असो की चेअरमन, तेवीस वर्षांची ती पोरगी दाराकडे नुसतं बोट दाखवायची. ते अंगात मुरलं ते मुरलंच. भर उन्हात ते एवढे चालत आले होते, चेहरा लाल झालेला, खुर्चीत बसले तर दम लागलेला.

"चालतंय की अजून," ते पडद्याकडे बघत म्हणाले. "बीडलासुद्धा तवा कुठं होतं असं."

आणि मालनबाईच्या लक्षात आलं, की आपला हात पुढे झालेला आहे. पिशवीतली बाटली काढून, झाकणातल्या पेल्यात पाणी ओतून, पेला त्यांच्यापुढे धरून तो हात उभा होता—तिला न विचारता. घरची दिवसभराची बाटली ती. मोहनरावांनी पेला घेतला, तोंड लावून सावकाश प्यायले, आणि पेला परत देत पुढचं काहीतरी बोलू लागले, सोसायटीच्या पहिल्या सालाबद्दल, पण ते तिला ऐकू येत नव्हतं. आलेल्या माणसाला आधी पाणी. हे हाताला माहीत होतं... आणि बोटानं काय लिहिलं? दारात येऊ घातलेल्या माणसाला मी दारातूनच सांगितलं, पाणी आपलं आपण बघ. आत्या भांडत नव्हत्याच. त्यांना नुसती लाज वाटली होती, माझी नाही—आमच्या घराची. आणि आता ती मलाही वाटली, चांगली कानापर्यंत.

मोहनराव गेल्यावर तिनं फोन काढला. गट अजून गप्पच होता. तिनं मुद्दे घातले नाहीत. लिहिलं, पाणी आणू नका. पाणी आमच्या घरचं प्यायचं. या. आणि फोन पिशवीत तळाशी टाकून दिला, वर ताट ठेवलं, म्हणजे लगेच काढून बघायला नको.

परतताना मात्र तिचे पाय भराभर उचलेनात. लिहिलंस शहाणे, पण आणणार कुठून? टँकर परवा. घरात घागर-दीड घागर, त्यात स्वयंपाक. शेजारी मागावं तर त्यांचीही तीच गत... पण गंमत अशी, की हिशेब जमत नसताना छाती हलकी होती, प्रोग्राम चुकलाय कुठे ते सापडल्यावर व्हायची तशी. दुरुस्ती पुढची पुढे.

आत्या स्वयंपाकघरात कणगीमागे वाकल्या होत्या. तिथे, ओल्या पोत्यात गुंडाळलेला, जुना रांजण होता. मालनबाईनं झाकण उचललं. काठोकाठ.

"हे कवापासून?"

"तू ष्टँडावर कागद लावलास तवापासून. माज्या आंगुळीचं हाय. चार मान्सं येणार म्हनल्यावर नगं का?"

म्हणजे घरातला तो वास... अगं बाई. चार दिवस ती परसातल्या कोंबड्यांना शिव्या देत होती. मालनबाई मटकन खालीच बसली, आधी हसली, मग हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, मग आत्यांच्या अंगाचा तो उबट वास आला म्हणून आणखी हसली. आत्यांना हसण्यासारखं काही दिसेना. त्यांनी सुनेला नाक पुसायला पदर दिला आणि मांडणीकडे बोट केलं.

"पेले घासून ठिव समदे. वरून वतू नगंस कुनाच्या वंजळीत. ज्याचा त्याला पेला दे."

"हो आत्या."

पाण्यानं कसले घासणार. राखेनं घासून फडक्यानं पुसायचे. ऊन उतरलं तशी मालनबाई अंगणात पेले घेऊन बसली, स्टीलचे, त्यात काहींवर तिच्या लग्नातली नावं कोरलेली, एक काठाला चेपलेला, तो तिनं शहादेवसाठी बाजूला ठेवला. पिशवीत फोन एकदा थरथरला. ताटाच्या तळाशी खर्रकन आवाज झाला, एखादा जुना प्रिंटर कुठेतरी लांब चालू व्हावा तसा... कंपनीवाल्यांचाही असेल, ते या वेळेलाच त्रास देतात. बघावं? हात राखेचे होते. बघू की, पळून थोडंच जातंय. तिनं पुसलेले पेले ओळीनं पालथे घालत नेले, ओळ सदाफुलीपाशी आली आणि संपली, आणि तिनं मांडणीकडे वळून पाहिलं तर तिथे काही उरलं नव्हतं. मिक्सरवाला येईल, सातबारावाला तर नक्कीच येईल, मोहनराव, म्हातारी जिचा फाटा चुकला ती, आणि ते सगळे तेलगावला उतरून, घामाघूम...

एवढे पेले पुरतील का? नाही पुरले तर?

शेजारून आणावेत आणखी थोडे, असं म्हणत ती उठली.