स्पिरिटचा फवारा आणि बाबांचे कान

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर आहे. फाटक्या पुस्तकाचं मनोगत तुम्ही लिहिलं असेल, मोडक्या छत्रीचंही लिहिलं असेल. माझं कोणी लिहीत नाही, कारण माझं काम सांगितलं की मोठी माणसं वही मिटवतात. मी गाडीला दारू पाजतो.

घाबरू नका. ही दारू म्हणजे स्पिरिट, तेही पाण्यात मिसळलेलं. माणूस प्यायला तर आंधळा होतो, गाडी प्यायली तर शहाणी होते. त्याचं असं आहे की काही गाड्यांना टर्बो असतो. तो इंजिनात हवा कोंबतो. कोंबलेली हवा तापते, तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधीच भडकतं आणि इंजिन आतून ठोके द्यायला लागतं. डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज येतो. हे फार वेळ चाललं तर इंजिनाचा पिस्टन वितळतो. म्हणून हवेचा दाब वाढला की मी डिकीतल्या पंपाला हुकूम सोडतो, पंप टाकीतलं स्पिरिट हवेच्या पाइपात फवारतो, हवा गार होते आणि ठोके थांबतात. रागावलेल्या माणसाच्या तोंडावर पाणी मारतात, तोच प्रकार. फक्त गाडी उलटून मारत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात, लांबलचक टेबलावर झाला. मला फिरवायची दोन बटणं दिली. एकाने फवारा कधी सुरू करायचा ते ठरतं, दुसऱ्याने किती जोरात मारायचा ते. शिवाय एक हिरवा दिवा. पंप चालू झाला की तो लागतो. माझी एकूण अक्कल एवढीच. पण एवढ्या अकलेवर पुष्कळ लोक सुखाने संसार करतात, तेव्हा मी कधी वाईट वाटून घेतलं नाही.

मला विकत घेतलं एका गॅरेजवाल्याने. त्यांची लेक त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही बाबा म्हणतो. गावभर मात्र त्यांना कानसेन म्हणत. इंजिनाच्या अंगावर ते तांब्याची एक नळी बसवायचे, नळीला रबरी पाइप जोडायचे आणि पाइपाचं दुसरं टोक कानावरच्या जाड झाकणात घालायचे. झाकणं लावून गाडीत बसले की डॉक्टर छातीला नळी लावतो तसे दिसायचे. फक्त डॉक्टर इतका खुश कधी दिसत नाही.

मला त्यांनी स्वतःच्याच गाडीत, डॅशबोर्डखाली बसवलं. गाडी राखाडी होती, तिला बापलेकीने मिळून टर्बो लावला होता. फवाऱ्याची तोटी हवेच्या पाइपात बसवायला लेकीने ड्रिल उचललं तसे बाबा ओरडले, "अगं, पाइप आधी काढ! जागेवरच भोक पाडलंस तर लोखंडाचा कीस थेट इंजिनाच्या पोटात!"

"काढतेच आहे बाबा. तुम्ही ओरडायची वाट बघत होते."

पहिली चाचणी साध्या पाण्याने झाली. फवारा बघायला तोटी बाहेर धरली होती. मी जीव तोडून काम केलं आणि दोरीवर वाळत घातलेले सगळे कपडे पुन्हा भिजवले. खिडकीतून आईंचा आवाज आला, "अहो, त्या डब्याला कपडे वाळवता येतात का ते पण बघा!"

मग आम्ही गोदामांमागच्या रिकाम्या रस्त्यावर गेलो. लेक गाडी चालवत होती, बाबा शेजारी झाकणं लावून, डोळे मिटून बसले होते. मी लवकर सुरू झालो तर इंजिन गुदमरायचं, उशिरा सुरू झालो तर ठोकायचं. ठोका ऐकू आला की बाबा हात वर करायचे. लेक थांबायची, माझं बटण केसभर फिरवायची, पुन्हा पळवायची. शेवटी एकदा गाडी रस्ता संपेपर्यंत भरधाव गेली आणि बाबांचा हात मांडीवरच राहिला. "शांत," ते म्हणाले. "देवघरासारखं शांत." त्या दिवशी त्यांनी मला फडक्याने पुसलं. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा सत्कार.

पुढे बरीच वर्षं गेली. बाबा चहाचं भांडं उतू गेलं तरी शेजारी बसून पेपर वाचायला लागले. दाराची बेल वाजली की आई म्हणायच्या, "अहो, दार!" आणि बाबा म्हणायचे, "गार? नाही, बरा आहे चहा." घरात हसू व्हायचं. बाबाही हसायचे. सगळे हसत होते, म्हणून कोणी काही बोललं नाही.

मग एका सकाळी त्याच गोदामांच्या रस्त्यावर बाबांनी इंजिनाचं टायमिंग जरा पुढे घेतलं, म्हणजे ठिणगी थोडी लवकर पडून गाडी जास्त जोर देईल असं केलं, झाकणं लावली, डोळे मिटले. लेकीने गाडी पळवली. ठोके सुरू झाले. नळीबिळी काही नको, नुसत्या कानाला ऐकू येत होते. बाबांचा हात मांडीवरच होता. चेहऱ्यावर तेच जुनं समाधान.

लेकीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग हळूच हात खाली आणला आणि माझं जोराचं बटण उजवीकडे फिरवलं. ठोके थांबले.

"कसं वाटतंय, बाबा?" तिने मोठ्याने विचारलं.

"शांत. कान अजून शाबूत आहेत बघ तुझ्या बापाचे."

मित्रांनो, त्या दिवसापासून माझा हुद्दा बदलला. बाबांनी टायमिंग पुढे घ्यायचं, इंजिनाने ठोकायचं, लेकीने मला वाढवायचं. बाबांना जी शांतता ऐकू येत होती असं वाटायचं, ती मी तयार करत होतो. जोर वाढला तशी टाकीही भराभर रिकामी व्हायला लागली. लेक ती बाबांच्या नकळत रोज भरून ठेवायची. फिरवून फिरवून माझं बटण शेवटाला टेकलं. त्यापुढे जागा नव्हती.

मग लेक दुसऱ्या शहरात गेली. लॅपटॉपवर इंजिन ट्यून करायला शिकवणारा वर्ग होता. इकडे बाबांच्या मनात आलं, आईंना घाटावरून चक्कर मारून आणू. "वाटेत टाकीत बघू का?" असं त्यांच्या मनातही आलं नाही. स्पिरिटच्या एका टाकीत घाट चढून उतरून होतो, हा त्यांचा पूर्वीचा हिशेब पक्का होता आणि टाकी त्यांनी नुकतीच भरली होती. हिशेब बरोबरच होता. फक्त तो जुन्या मला लागू होता.

घाट अर्धा चढलो आणि टाकी कोरडी पडली. टाकीत काही उरलंय की नाही हे मला कळत नाही, तेवढी अक्कल मला दिलेली नाही. पंप कोरडाच फिरत होता आणि माझा हिरवा दिवा दिमाखात जळत होता.

"अहो," आई म्हणाल्या, "हे खड्यांसारखं काय वाजतंय?"

बाबांनी झाकणं लावलेली होती. सवयच होती ती, घाट चढताना इंजिन ऐकायची.

आईंनी त्यांचा दंड हलवला. "अहो! वाजतंय काहीतरी!"

बाबांनी एक झाकण उचललं. "काय म्हणतेस?"

"खडे! खडे वाजताहेत!"

बाबांनी झाकण पुन्हा लावलं. डोळे बारीक करून ऐकलं. मग दोन्ही झाकणं काढली आणि नुसत्या कानांनी ऐकलं. पाय अजून ऍक्सिलरेटरवरच होता. "काही नाही गं," ते म्हणाले, पण त्यांचा आवाज निम्मा झाला होता. तेवढ्यात बॉनेटखालून निळा धूर आला आणि राखाडी गाडी, जिला मी इतकी वर्षं गार ठेवलं, वळणावर उभी राहिली.

लेक परत आली. दोघांनी इंजिन खोललं. पिस्टनला आरपार भोक पडलं होतं. बाबांनी ते बोटाने चाचपलं आणि मग टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली वाकले, माझ्यासमोर. माझं बटण शेवटाला टेकलेलं त्यांनी पाहिलं.

"हे कोणी फिरवलं?"

"मी," लेक म्हणाली. मग जवळ येऊन पुन्हा म्हणाली, "मी, बाबा."

"कधीपासून ऐकू येत नाहीये मला?"

लेकीने भोक पडलेला पिस्टन उचलून फडक्यात गुंडाळला.

"आणि गिऱ्हाइकांच्या गाड्या?"

"तुम्ही जेवायला गेलात की मी पुन्हा तपासायचे."

बाबा जमिनीवरच बसले. "गाडी जाऊ दे गं," ते म्हणाले. "लोखंड आहे, येईल. पण मी रोज जेवताना तुला सांगायचो ना, आज अमक्याची गाडी कशी शांत केली ते. तू ऐकून घ्यायचीस."

"तुम्ही किती खुश असायचात, बाबा."

"हो ना," बाबा म्हणाले. "एकटाच."

त्यानंतर बाबांनी झाकणं कानाला लावली नाहीत. मला काढून फळीवर ठेवलं. शेजारी गंजलेले नटबोल्ट आहेत, त्यांना बोलण्याची आवड नाही. आता लॅपटॉप ठोके मोजतो, लेक ट्यूनिंग करते. बाबा स्टुलावर बसतात, पाने-पकडी पुसून देतात. गिऱ्हाइकं आपुलकीने त्यांच्याशी ओरडून बोलतात.

काल लेक बॉनेटमध्ये डोकं घालून काम करत होती. तसंच, वर न बघता, ती म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. माझं चुकलं."

बाबांनी मान डोलावली आणि हसले. आता मला कळतं, ऐकू न आलेल्या बोलण्यावर माणसं अशीच हसतात. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून.

मित्रांनो, यंत्रांची काळजी घ्या, टाकी उघडून बघत जा, दिवा हिरवा आहे एवढ्यावर जाऊ नका, हे सगळं मी सांगणार होतोच. पण तुमच्या घरी कोणाला ऐकू येत नसेल, तर त्यांच्यासाठी शांतता बनवत बसू नका. समोर जा. तोंड दिसेल असे उभे राहा आणि पुन्हा सांगा.

लेकीने डोकं वर काढलं होतं. तिला ते हसू दिसलं. पाना हातात धरून ती तशीच उभी राहिली आणि बाबा तिच्याकडे बघत हसतच राहिले.