मूठभर खत

मातीवर मिठासारखा पांढरा थर दिसला, तेव्हाच सिस्टरला कळलं की आपल्या मागे कुणीतरी मिरच्यांना खत घातलंय. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती चार दिवस घरी नव्हती. अकराही कुंड्यांतली पानं कडेनं करपली होती. माती ठणठणीत कोरडी, आणि खोडाला चिकटून खताचे दाणे.

चौतीस वर्षं वॉर्डात तिनं थेंब मोजून औषधं दिली. निवृत्त होऊन धाकट्या भावाकडे वरच्या खोलीत आली, तरी सगळे तिला सिस्टरच म्हणत. मिरच्यांनाही तिचं तेच. आधी साधं पाणी. माती भिजली की डब्यावरच्या मापाच्या निम्मं खत पाण्यात कालवून, खोडापासून लांब, तेही पंधरा दिवसांतून एकदा. झाडांना उपाशी ठेवणारी बाई, असं भावजय म्हणायची. दोघींचं पहिल्यापासून विळ्याभोपळ्याचं सख्य.

ती तशीच खाली गेली. भावजय भांडी घासत होती.

"नुसतं पाणी घाला म्हटलं होतं, वहिनी. झाडं जाळायला नव्हतं सांगितलं."

भावजय मान न वळवता म्हणाली, दुसऱ्याच्या घरात राहून इतका रुबाब बरा नव्हे. मग सिस्टरचं तोंड सुटलं. मनात साठवलेलं एकेक बाहेर आलं आणि शेवटी, कधीच बोलू नये ते ती बोलून गेली.

"आईच्या शेवटच्या दुखण्यात औषधही तुमच्याच हातून चुकलं होतं."

भावजयीचा हात पातेल्यावर थांबला. मग तिनं ते पुन्हा घासायला घेतलं.

वर येऊन सिस्टर दाणे वेचत, पांढरा थर खरवडत बसली. थोड्या वेळानं भाऊ दारात येऊन उभा राहिला.

"ताई, खत मी घातलं. तू येशील तेव्हा झाडं लगडलेली दिसावीत म्हणून मूठमूठ टाकलं. हिनं हात धरला होता माझा. आधी वन्संना विचारा म्हणाली."

सिस्टर पुन्हा खाली गेली.

"मघाशी बोलला का नाहीत?"

"इतकी वर्षं दोष द्यायला तुम्हाला मीच लागते, वन्सं. खताचं सोडा. पण ते दुसरं बोललात, ते आजचं नव्हतं."

चुकलं म्हणायला सिस्टरनं तोंड उघडलं, तोवर भावजय फडकं झटकून बाहेर गेली होती.

डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती. तरी तिनं प्रत्येक कुंडीत तीन-तीनदा पाणी ओतलं, तळातून वाहून जाईपर्यंत. खत धुऊन काढायचा तेवढाच उपाय होता. सात झाडं गेली. उरलेल्या चारांना नवी पानं फुटेपर्यंत तिनं खताचा डबा उघडला नाही.

पहिल्या मिरच्या लागल्या, तेव्हा तिनं त्या वाटीत घालून खाली ओट्यावर ठेवल्या. संध्याकाळी वाटी तिथंच होती. दुसऱ्या दिवशीही. ओटा पुसताना भावजयीनं ती उचलली आणि पुसून झाल्यावर होती तिथं ठेवली.

चौथ्या दिवशी मिरच्या सुरकुतल्या. सिस्टरनं वाटी उचलली आणि कठड्याला धरून सावकाश जिना चढली.