मामाच्या पत्रिकेचं पॅकिंग

ही गोष्ट २०२२ सालच्या मे महिन्यातली. दोन वर्षं अडून राहिलेली लग्नं लातुरात एकदमच निघाली होती. मंगल कार्यालयं मिळत नव्हती, आचारी फोन उचलत नव्हते. कमलम्माच्या मंजुश्रीचं लग्न त्याच गर्दीत ठरलं. पाचशे पत्रिका छापल्या, चारशे नव्व्याण्णव वाटल्या. एक उरली होती आणि सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

ती मामाची होती. मंजुश्रीचे वडील चार वर्षांपूर्वी गेले. आता मुलीचा हात धरून तिला मांडवात आणायचं ते मामानं, आणि मामा, म्हणजे कमलम्माचा धाकटा भाऊ शिवमूर्ती, अकरा वर्षं नांदेडात रुसून बसलेला. भांडण शेताचं नव्हतं, सोन्याचंही नव्हतं. मोटारीचं होतं.

त्यांच्या अप्पांची ती पांढरी, गोल डोळ्यांची मोटार. १९८१ साली डाळमिलच्या दारात आली तेव्हा गल्लीतल्या बायकांनी तिला ओवाळलं होतं. मागच्या सीटवर आठ माणसं आणि वर एक पाळणा मावायचा. पुढं अप्पांनी पोराच्या आधी पोरीला ती चालवायला शिकवली, त्याचीही गल्लीत महिनाभर चर्चा झाली. अप्पा गेल्यावर शिवमूर्तीनं मोटार भंगारात द्यायचं ठरवलं. भंगारवाला यायच्या आदल्या दिवशी कमलम्मानं पदर खोचला, मोटार चालू केली आणि आपल्या दारात आणून लावली.

"तीन महिन्यांत रस्त्यात बसशील," एवढं म्हणून शिवमूर्तीनं बोलणं टाकलं.

लग्नाला दहा दिवस असताना ते कळवायला तिनं फोन केला, तेव्हा तो म्हणाला, "मोबाइलवर पत्रिका धाडू नको, अक्का. हळद-कुंकू लावून माझ्या हातात दे. आन् अप्पांच्या मोटारीतच ये. चालती हाय म्हणून सांगत फिरतीस ना लोकांला? मलाबी बघू दे."

"आन् नाही आले तर?"

"तर दुसरा मामा बघ."

लग्न चार दिवसांवर आलं तेव्हा सकाळी सातला मोटार चांदपाशाच्या दारात उभी होती. चांदपाशा हा अप्पांच्या वेळेपासूनचा मिस्त्री. मोटार चालत होती, त्याबद्दल वाद नव्हता. पण इंजिनाच्या कुशीला एक चपटं झाकण असतं, त्याच्या कडेनं तेल असं गळत होतं की ती कुठं कुठं थांबली ते रस्त्यावरच्या डागांवरून कुणीही सांगावं.

"झाकणाचं पॅकिंग गेलं, अक्का," चांदपाशा मोटारीखालूनच बोलला. "दुकानात मिळत न्हाई आता. मिळालं तरी मी लावत न्हाई. आपलं हाताचंच."

त्याची रीत जुनी होती. झाकणावर जाड कागद ठेवायचा आणि हातोडीनं कडेकडेनं हलके ठोके द्यायचे. लोखंडाची कडच कागद कापते आणि बरोब्बर मापाची चौकट हातात येते. तिला ग्रीस फासून झाकणाखाली बसवली की तेल बंद. त्यासाठी त्याला सगळ्यात आवडायच्या लग्नाच्या पत्रिका. गल्लीत कुठंही लग्न उरकलं की उरलेल्या पत्रिका चांदपाशाकडे जायच्या. कमलम्मानं स्वतः किती गठ्ठे त्याला नेऊन दिले होते. निम्म्या लातूरच्या गाड्यांत कुणाकुणाची शुभमंगलं बसलेली होती.

कमलम्मा आत रहमतबीकडे, म्हणजे त्याच्या बायकोकडे, चहाला बसली. दोघींचं बोलणं लांबलं. बाहेर आली तेव्हा झाकण बसलं होतं आणि चांदपाशा तेलाचा डबा मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर तयार होता. एवढ्या लांब मोटार एकटी सोडायला त्याचं मन होईना.

नांदेडच्या वाटेवर अहमदपूरला त्यानं वाकून पाहिलं. कोरडं. लोह्याच्या अलीकडं पुन्हा पाहिलं. कोरडं.

"एक थेंब न्हाई चांदभाई," कमलम्मा खुशीत गाडी हाणत म्हणाली. "कशाचं लावलं ह्या टायमाला?"

"तुम्हीच आणली की पत्रिका. सीटवर ठिवली होती. लई जबर कागद, अक्का. डबल घडी. असा माल दहा वर्षांत हाताला लागला न्हाई."

कमलम्मानं भर रस्त्यात ब्रेक दाबला. मागचा ट्रकवाला शिव्या देत बाजूनं निघून गेला.

"ती शिवाची होती," ती म्हणाली.

चांदपाशानं डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. "मी म्हणलं, उरलेली हाय."

"लग्न व्हायच्या आधी कशी उरंल?"

"हाव. तेवढं ध्यानात आलं न्हाई."

"काढा ती."

"काढतो. पण मग मोटार हितंच ऱ्हाईल."

त्याचं म्हणणं खरं होतं. पत्रिका काढावी तर मोटार जात नाही आणि मोटार न्यावी तर पत्रिका हातात येत नाही. भावाच्या दोन अटी एकमेकींच्या छातीवर बसल्या होत्या. कमलम्मानं गिअर टाकला. नांदेड येईपर्यंत मोटार कुठं थांबली नाही.

शिवमूर्ती फाटकातच उभा होता. पांढराशुभ्र पायजमा, हात मागं. त्यानं मोटारीभोवती एक चक्कर मारली, वाकून खाली पाहिलं.

"गळत न्हाई?" त्याचा आवाज जरा पडलाच.

"न्हाई."

"पत्रिका?"

"आणलीय. बॉनेट उघड."

त्यानं बॉनेट उघडलं. काळ्या इंजिनाच्या कुशीत, झाकणाच्या कडेनं, पत्रिकेचा कापायचा राहिलेला एक कोपरा बाहेर डोकावत होता. वर हळद-कुंकवाचं बोट स्वच्छ दिसत होतं. शिवमूर्तीनं वाकून तो कोपरा बोटानं चाचपला. चांदपाशाला समोरच्या घराची टाकी बघण्यासारखी वाटली.

"हळद-कुंकू लावलंय. मोटारीतच आलेय. आता हातात घ्यायची तर पाना घे," कमलम्मा म्हणाली.

"मला कुठं येतंय?" शिवमूर्ती एकदम फणकारला. "तुला चालवायला शिकवलं अप्पांनी. मला काय, बॅटरी धर, फडकं आण. ह्या बॉनेटला कधी हात लावू दिला का?"

अकरा वर्षांत हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं. चांदपाशानं पाना पुढं केला.

"घ्या, मालक. बोल्ट एकच हाय."

शिवमूर्तीनं बाह्या वर केल्या. झाकण सुटलं तसं वाटीभर तेल पायजम्यावर आलं. ओली पत्रिका दोन्ही हातांत धरून तो वाचायला लागला. वर मंजुश्रीचं नाव होतं. खाली तारीख होती. मधे आरपार भोक.

"कार्यालय कुठलं हाय?"

"भोकात," कमलम्मा म्हणाली.

आधी त्याचे खांदे हलले. मग पोट हललं. मग तो मडगार्डला टेकून डोळे पुसायला लागला आणि त्यानं तोंडभर तेल माखून घेतलं.

"आता नवं पॅकिंग लागंल," चांदपाशानं हळूच आठवण केली. "जाड खोकं-बिकं हाय का घरात?"

शिवमूर्तीची बायको कस्तुराबाई इतका वेळ दारातून बघत होती. ती आत जाऊन साडीचं एक रिकामं खोकं घेऊन आली. "हे घ्या. भाचीच्या शालूचं हाय. पंधरा दिवस झाले आणून."

"तुला हेच सापडलं का?" शिवमूर्ती म्हणाला.

"घरात जाड हेच हाय."

पंधरा दिवस. फोनवर अटी घालायच्या आधीच, चारचौघांकडून लग्न कळताच, शालू घरात आला होता. कमलम्मानं भावाच्या हातात हातोडी दिली. चांदपाशा 'हळू, मालक, कडेनं, कडेनं' म्हणत राहिला आणि शिवमूर्तीनं आयुष्यातलं पहिलं पॅकिंग कापलं. एका बाजूनं ते चांगलंच वाकडं आलं. चांदपाशा दुसरं कापायला निघाला, तर कमलम्मानं त्याला डोळ्यांनी गप्प केलं. कार्यालय माहीत नाही म्हणून शिवमूर्ती त्याच मोटारीतून लातूरला आला आणि लग्न होईपर्यंत राहिला.

मंजुश्री आता नवऱ्याबरोबर हैदराबादेत असते. तिच्या मुलीचं बारसं मामाआजोबांनी केलं. चांदपाशाच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. तो आता खुर्चीत बसून काम सांगतो आणि सीटवरचा कागद आधी वाचून घेतो. रहमतबी गल्लीतल्या उरलेल्या पत्रिका स्वतः मोजून घेते. कस्तुराबाईनं तो तेलकट पायजमा अजून टाकलेला नाही. फरशी पुसायला तिला दुसरं काही चालत नाही. भोकाची पत्रिका शिवमूर्तीच्या कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत आहे आणि कपाटातल्या सगळ्या कपड्यांना इंजिनाचा वास येतो.

मोटार कमलम्माच्या दारात उभी असते. शालूच्या खोक्याचं पॅकिंग वाकड्या बाजूनं थोडं थोडं गळतं. दर महिन्याला कमलम्मा नांदेडला फोन करून भावाच्या कामाला नावं ठेवते, आणि तो लातूरला येऊन झाकणाचा बोल्ट आवळून जातो. चांदपाशानं दोनदा ते बदलून देतो म्हटलं. कमलम्मानं बदलू दिलं नाही.