ओल्या भिंतीचं घर

चाळीस वर्षं गणवेश शिवून मावशीचे डोळे थकले होते. सुईत दोरा ओवताना हात तीनदा हुकायचा. साठवलेल्या पैशात एकच घर येणार होतं, तेही निम्मं कर्ज काढून. त्याच्या भाड्यावर म्हातारपण काढायचं. चुकली असती तर पुन्हा संधी नव्हती, पण म्हणून ती घाबरली असेल असं समजू नका.

भाचा बँकेत कर्जाचं काम बघायचा. तो म्हणाला, "मावशी, एक कशाला, दोन घरं घे. हप्ता भाड्यातून सुटेल."

"आणि घर रिकामं राहिलं की हप्ता कोण भरणार, तुझा साहेब?" मावशी कडाडली. "भाडं वर्षाला दहा महिन्यांचंच धरायचं. त्यातून कर आणि दुरुस्ती वजा. उरलं त्यात हप्ता बसला तर कर्ज काढायचं, नाही तर लांबूनच नमस्कार. वर सहा हप्ते आधीच बाजूला. अंथरूण पाहून पाय पसरावेत, बाळा."

भाच्याने दुसऱ्या घराचा विषय सोडला. हिशेबात मावशीला हरवणं त्याच्या आईलाही कधी जमलं नव्हतं.

एजंटाने दाखवलेलं दोन खोल्यांचं घर इस्पितळामागच्या गल्लीत होतं. तिथे एक नर्स भाड्याने राहत होती. एजंट गॅलरीचं कौतुक करत असताना तिने मावशीला हळूच आतल्या खोलीत नेलं. भिंत ओलीचिंब!

"आतून पाइप फुटलाय हो. पैसे पाण्यात जातील तुमचे," ती कुजबुजली. याआधीची सहा गिऱ्हाइकं ही भिंत बघूनच पळाली होती आणि वैतागलेल्या मालकाने किंमत उतरवली होती.

मावशी घरी परत आली. पण एकदा घेतलेल्या मापावर कात्री चालवायची नाही, हा तिचा जन्माचा नेम. तिसऱ्या दिवशी दुपारी, कुणालाही न कळवता ती पुन्हा गेली आणि थेट भिंतीवर हात ठेवला. भिंत खडखडीत कोरडी. रंगाला ना फुगवटा, ना पोपडा.

"एजंटाचा फोन आला की ओलं फडकं फिरवतेस होय गं?"

नर्सचा चेहरा पांढराफटक पडला. "काय करू मग? नवा मालक आला की मलाच बाहेर काढणार. इस्पितळाजवळ दुसरी जागा परवडत नाही मला. नऊ वर्षांत एकदाही भाडं थकवलं नाही हो!"

"पावत्या दाखव."

तिने फाइल आणली. मावशीने चष्मा पुसून नऊ वर्षांच्या पावत्या एकेक करून चाळल्या. एकही महिना सुटलेला नव्हता. मावशीला एवढा आनंद झाला, की तो लपवायचंही तिला सुचलं नाही.

"खोटं बोललीस ते वाईटच. भिंत कोरडी आहे हे मी मालकाला सांगणार. त्याने भाव थोडा वाढवला तरी चालेल, माझ्या हिशेबात तेवढी जागा आहे. पण घर घेणार ते तुझ्यासकट. अगं, घरात टिकायला एवढी उठाठेव करणारा भाडेकरू दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही!"

नर्स हमसून हमसून रडायला लागली.

"पुरे आता. करार किती वर्षांचा करायचा, दोन की तीन?"

"पाच," डोळे पुसायच्या आधीच ती म्हणाली.