आठ, ऐंशी, आठशे

बी.एस्सी. होऊन वर्षभर घरी बसले, तेव्हा वडील म्हणाले, "पुनम, हिशोब शिक. मंग आपलं सोतानं दुकान टाकसूत." म्हणून धुळ्याला, देवपूरच्या कॉलेजात अकाउंट्सच्या कोर्सला नाव घातलं.

प्रोजेक्टसाठी एका खऱ्या दुकानाचा महिन्याभराचा हिशेब तपासायचा होता. मी आमच्या अमळनेरचं छगनशेठचं सरकी-पेंडीचं दुकान घेतलं. माझे वडील, हिलालनाना, तिथे एकतीस वर्षं दिवाणजी आहेत.

शेठ हसले. "नानांच्या कीर्दीत चूक काढलीस तर एक पोतं पेंड बक्षीस! पण फाइल आधी मला दाखवायची."

रोजच्या पावत्या कीर्दीशी ताडून पाहिल्या. सात ठिकाणी फरक निघाला. तीनदा आठ, तीनदा ऐंशी, एकदा आठशे. दुसरा आकडाच नाही. तोच फरक पुन्हा पुन्हा आला तर त्याला काहीतरी कारण असतं, एवढं प्रयोगशाळेत शिकले होते. सातही पावत्या शेजारी मांडल्या. पावतीवर १ होता, तिथे नानांनी ९ वाचला होता. संध्याकाळी गल्ला तेवढाच कमी भरायचा. आणि त्या प्रत्येक दिवसाखाली त्यांच्याच अक्षरात एक ओळ होती: हिलाल, उचल.

एकूण एक हजार चौसष्ट रुपये. घरी उचल कधी आलीच नव्हती; तूट ते स्वतःच्या पगारातून भरत होते.

"नाना, डोळे दाखवले का?"

"जळगावले दोनदा जाई उनू. काचबिंदू शे. गयं ते परत येत नही, डॉक्टर म्हने." ते चष्मा पुसत राहिले. "शेठले सांगू नको, पोरी. तुनी फी तठूनच येस."

रोज पावत्या वाचून द्यायला मी दुकानात बसले असते. पण धुळ्याची एस.टी. सकाळी सातला सुटते, दुकान नऊला उघडतं. कॉलेज सोडते म्हटलं, तर नानांनी एस.टी.च्या पासाचे पैसे हातात ठेवले.

चुकांच्या तक्त्यात मी लिहिलं: फरक आढळला नाही.

शेठनी फाइल चाळली. "निघाली का चूक?"

"नाही, काका."

"वाटलंच! नाना, पोरीनं तुम्हाला पास केलं. घ्या, दिवाणजी म्हणून सही ठोका."

नानांनी पेन उघडलं आणि कागदावर वाकले. मी सहीच्या रेषेवर बोट ठेवलं. पेन माझ्या नखावर टेकलं आणि तिथूनच सही सुरू झाली.

शेठ अजून आमच्याकडेच बघत होते.