सावलीतल्या बर्फाची साक्ष

मित्रांनो, मी एक जुनं फावडं आहे. मातीतलं नव्हे हं, बर्फातलं! माझं घर कॅनडाच्या डोंगरात, वांडाताईच्या पाठपिशवीत. कारखान्यातून आलं तेव्हा माझं पातं लालभडक होतं, आता रंग पार उडालाय. दोनदा मी हिमलोटाखाली, म्हणजे डोंगरावरून कोसळलेल्या बर्फाखाली, गाडलेली माणसं जिवंत उकरून काढलीत. तेव्हा सगळ्यांनी माझं पातं थोपटलं होतं. उन्हाळ्यात मात्र गॅरेजात टायरांच्या मागे पडून राहायचं, कोणी ढुंकून बघत नाही.

इतका बर्फ उपसून एक कळलं. वसंतातल्या बर्फावर विश्वास ठेवायचा नाही. सकाळी दगडासारखा असतो आणि दुपारी पायाखालून सटकतो.

त्या दिवशी ताईचा भाऊ ओरेस्ट बरोबर होता. त्याची बायको डार्लीन पलीकडच्या झोपडीत आठवडाभर एकटीच होती. लग्नाचा वाढदिवस होता, म्हणून निघालेला. मधे एक मोठा बर्फाचा उतार, आणि त्यावर कालच्या स्कीच्या खुणा.

"बघ, लोक गेलेत," ओरेस्ट म्हणाला.

"काल गेलेत," ताई म्हणाली.

तिने पाइनच्या सावलीत बर्फाचा खांब कापला, माझं पातं वर ठेवलं आणि थापट्या मारल्या. आधी मनगटातून, मग कोपरातून, मग खांद्यातून. आतला थर कच्चा असता तर खांब तुटून सरकला असता. खांब हलला नाही.

"झालं ना समाधान? चल आता, म्हातारे."

माझं नव्हतं झालं! सावलीतल्या बर्फाला उन्हाचं काय ठाऊक? पण मला कुठलं तोंड!

तेवढ्यात वॉकीटॉकीवर डार्लीन बोलली. "वन्सं, येताय ना? इथे रात्रभर ढग होते, छपरावरून पाणी ठिबकतंय ते थांबेचना."

ताईची भुवई वर गेली. ढगांनी ऊब धरून ठेवली, रात्री बर्फ गोठलाच नव्हता तर! ती तशीच उताराच्या उन्हातल्या कडेला गेली आणि माझा दांडा नुसता टेकवला. मी पात्यापर्यंत आत! आत सगळा ओला, भगरीसारखा सुटा बर्फ, दाण्याला दाणा धरत नव्हता.

"परत फिरायचं," ताई म्हणाली. "उद्या पहाटे, आकाश निवळलं तर."

"डार्लीन मला घरात घेणार नाही."

"घेईल. तू जिवंत पोचलास तर."

ओरेस्ट पाय आपटत खाली उतरला.

आता तुम्हाला वाटेल, मग डोंगर कोसळला असेल. नाही कोसळला. मित्रांनो, परत फिरणाऱ्याला पुरावा मिळत नाही, टोमणे मिळतात. तरी फिरा. दुसऱ्यांच्या खुणांवर नका जाऊ, जिथे पाय टाकायचा तिथलाच बर्फ तपासा. आणि आम्हा फावड्यांना गंजू देऊ नका.

संध्याकाळपर्यंत ओरेस्ट ताईच्या घरात सारखा खिडकीशी जात होता.

"बघ ताई, उतार आहे की तिथेच."

ताई माझं पातं पुसत होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

"असू दे. तूही इथेच आहेस."