प्रवेश नाकारला

वैशाखाची दुपार. आकाश तापल्या तांब्याचे, क्षितिज भस्मधूसर, आणि रुग्णालयाच्या आवारातला गुलमोहर नखशिखान्त पेटलेला. पाखरे मुकी, सावल्या अंग चोरून भिंतीशी निजलेल्या. वाराही कोरड्या कंठाने श्वास घेत होता.

रक्तपेढीच्या खिडकीशी केतकी भोयर बसली होती. दुर्मीळ रक्तगटाच्या दात्यांची नावे जिथे मिळत, ते संकेतस्थळ तिच्या हवाली होऊन जेमतेम आठवडा झाला होता. समोरच्या बाकावर उरकुडा नेवारे; उन्हाने रापलेला, मौनाने वाकलेला. आतल्या दालनात त्याची बाळंतीण लेक सुलभा थेंबाथेंबाने ओसरत होती. तिला हवे होते ते रक्त हजारांत एखाद्याच्या धमनीतून वाहते.

पडद्यावर नावे नव्हती. होती एकच हिमशीतल ओळ: डेटाबेसशी जोडणी होऊ शकली नाही.

केतकीने एकेक दार चाचपले. नावांचे भांडार सांभाळणारा सर्व्हर जागा होता. त्याच्याकडे जाणारी वाट मोकळी होती. पत्ता अचूक होता. भांडार भरलेले होते, रक्तवर्ण नावांनी काठोकाठ भरलेले, आणि उंबरठ्यावरून एकच उत्तर येत होते, पुन्हा पुन्हा, निर्विकार, निष्कंप: पासवर्ड चुकीचा, प्रवेश नाकारला.

पासवर्ड त्याच सकाळी बदलल्याची नोंद सापडली. बदलणारे ढबाले सर. आठवड्यापूर्वीपर्यंत हे काम ज्यांच्याकडे होते, ते.

तिने फोन लावला. पलीकडे सनईचे सूर, पंगतीची गजबज.

"सर, नवा पासवर्ड सांगा. पेशंट अडलाय."

"तुला तर सगळं येतं ना? साहेबांसमोर म्हणाली होतीस. मग शोध की."

"सर, बाई बाळंतीण आहे. तिचे वडील समोर बसलेत."

"बसू दे." पाण्याचा एक घोट, सावकाश, तृप्त. "आधी म्हण, सर, मला येत नाही. मोठ्यानं म्हण."

उरकुडाने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत प्रश्न नव्हता, फक्त वाट पाहणे होते, अथांग, अनिमिष.

"सर, मला येत नाही," केतकी म्हणाली.

"ऐकू नाही आलं."

तिने पुन्हा म्हटले. तिच्या कानशिलांवर गुलमोहर उतरला होता. मग सरांनी एकेक अक्षर सांगितले, मध्ये थांबत, मध्ये कुणाला तरी जिलेबी वाढायला सांगत.

जोडणी झाली. किती अलगद झाली! नावे उमलली, एकाखाली एक, आणि पहिलेच नाव दोन गल्ल्या पलीकडचे: विठोबा कावळे, सायकलदुरुस्ती.

"हा आलोच," तो फोनवर म्हणाला आणि खरोखरच आला. वंगणाळल्या बोटांनी, घामाने निथळत, बाही दंडापर्यंत सारत.

त्याच्यामागोमाग दालनाचे दार उघडले. परिचारिका उंबरठ्यावरच थांबली. तिने उरकुडाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात तिथेच राहिला.

"जाऊन किती वेळ झाला?" केतकीने विचारले.

"पाचेक मिनिटं."

जिलेबीची वेळ. केतकीने मनात मोजले आणि मोजणे तिला सोसेना.

उरकुडा उठला. विठोबापुढे त्याने हात जोडले.

"उगाच तुमाले उनात तरास झाला जी."

विठोबाचा हात तसाच पुढे राहिला, उघडा, उताणा; आणि कोपराच्या खळगीत ती शीर, निळी, भरली, दुथडी नदीसारखी; वाहत होती, वाहत होती, कुणाकडेही नाही.